ट्रॅक्टर कोण चालवत होते

पुरवणी जबाब. दि. १५/१०/२०२५, वेळ सकाळी ११.२०.

नाव शालन आकाराम खाडे, वय ४७ वर्षे, धंदा शेती व दूध, शिक्षण चौथी, राहणार मौजे पिंपळमळी, ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर.

मला कोणी बोलावलेले नाही. मी आपणहून ठाण्यात हजर होऊन सांगते की,

बुधवारी १ तारखेला, खंडेनवमीच्या सकाळी, धारा काढून झाल्या, डेअरीत दूध घालून आले, गोठा झाडला आणि उजाडल्यावर ट्रॅक्टर धुवायला घेतला. आदल्या दिवशी सोयाबीन काढलेल्या रानात मी रोटर मारला होता. त्याचा चिखल चाकांच्या खाचांत वाळून बसला होता. तो खुरप्याने खरवडला. मग बोअरच्या पाइपाने पाणी मारले, साबणाने बॉनेट धुतले, सीट पुसली. शेवटी पायडलांवरचा चिखल काढला. हे सगळे कशाला सांगता, अपघाताचे सांगा, असे आपण म्हणालात. अपघाताचेच सांगते आहे.

ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पायडले असतात. एक डाव्या चाकाचे, एक उजव्या चाकाचे. दोन्ही एकत्र जोडायला एक लोखंडी पट्टी असते, तिला आम्ही लॉक म्हणतो. रानात कडेला गेल्यावर जागच्या जागी वळायचे असते, त्यासाठी एकाच बाजूचा ब्रेक दाबावा लागतो, म्हणून रानात लॉक काढून ठेवतात. रस्त्यावर जाताना लॉक लावावेच लागते. नाहीतर दाबलेल्या बाजूचे चाक थांबते, दुसरे पळत राहते, आणि ट्रॅक्टर त्या बाजूला फिरतो. आदल्या दिवशी लॉक मी काढले होते. रानातून घरापर्यंत कच्ची पाणंदच आहे, म्हणून लावले नव्हते. धुताना ते उघडे आहे हे मी पाहिले. हात साबणाचे होते. निघताना लावू म्हणून तसेच ठेवले.

आमच्या घरात सहा माणसे होती. सासूबाई चिमणाबाई, दीर अमरसिंह, जाऊ संयोगिता, त्यांचा एकुलता मुलगा ऋतुराज, वय १६, मी, आणि माझी मुलगी पूर्णिमा, वय १७. दीर वारणानगरला कारखान्यात कामाला आहेत. जमीन एकत्र आहे. ट्रॅक्टर माझ्या पतीच्या नावावर होता, आता माझ्या नावावर आहे. पती आकाराम हे नऊ वर्षांपूर्वी हृदयविकाराने वारले. त्यानंतर चार महिने ट्रॅक्टर ताडपत्रीखाली उभा होता. दिरांना कारखान्यातल्या पाळीमुळे वेळ नसे आणि सांगितलेला ड्रायव्हर वेळेवर येत नसे. एकदा ओल निघून गेली, पेरणी मागे पडली. तेव्हा मी ट्रॅक्टरबरोबर आलेली पुस्तिका काढून वाचली. मला वाचायची सवय आहे. शाळा चौथीत सुटली, पण हाताला लागेल ते मी वाचत आले, गावच्या वाचनालयाची पुस्तके आणते. ती पुस्तिका मी तीन वेळा वाचली, मग ट्रॅक्टर सुरू केला. पुढे परवानाही काढला. परवान्याची झेरॉक्स सोबत दिली आहे.

मुलांना मी शिकवले. हे मागच्या वेळी मी सांगितले नव्हते. मागच्या वेळी दिरांनी सांगितले की ऋतुराज बघून बघून शिकला होता. तसे नाही. दोघांना मी यंदाच्या मे महिन्यात, ओढ्याकाठच्या मळीच्या रिकाम्या रानात, रोज संध्याकाळी तास-दीड तास शिकवले. रानात शिकवायला परवाना लागत नाही असे आमच्याकडे सगळेच धरून चालतात. मीही धरून चालले.

पहिले चार दिवस ट्रॅक्टर बंद ठेवून शिकवले. नुसते वर बसायचे, डोळे मिटायचे आणि मी नाव घेईन त्या पायडलवर पाय ठेवायचा. क्लच, डावा, उजवा. पुस्तिकाही मोठ्याने वाचून दाखवली. ऋतुराज मला मोठी आई म्हणत होता. तो म्हणाला, "मोठी आई, ह्यातलं बोर्डाला किती मार्काला येतंय?" पूर्णिमा म्हणाली, "गप रं. तुला क्लच आणि ब्रेक वळखायला आठवडा लागतोय, आला मोठा मार्कवाला." तो म्हणाला, "वळखून काय करायचं? तू हायस की ब्रेक दाबायला." असे त्यांचे चालायचे.

पूर्णिमाचा हात लवकर बसला. ऋतुराज सावकाश होता. दुसऱ्या गिअरच्या वर तो जात नसे. तिसरा टाक म्हटले तरी म्हणायचा, "कशाला? रान कुठं पळून चाललंय?" पूर्णिमा त्याला म्हातारा म्हणायची. ट्रॅक्टरवर बसायला एकच सीट असते. त्यामुळे शिकवताना मी डाव्या मडगार्डवर बसत होते. मडगार्डवर कोणी बसू नये असे पुस्तिकेत लाल चौकटीत छापलेले आहे. तेही मी त्यांना वाचून दाखवले होते, मडगार्डवर बसूनच.

आमच्या मळीचा तुकडा अरुंद आहे. कडेला वळायला जागा कमी. म्हणून मी त्यांना वळण एका ब्रेकवर शिकवले. डावीकडे घ्यायचे तर सुकाणू डावीकडे आणि पाय डाव्या पायडलवर. उजवीकडे घ्यायचे तर उजव्या. पाय आपोआप जाईपर्यंत मी ते करून घेतले. सगळे शिकवणे लॉक काढून झाले. रस्त्यावर मी त्यांना एकदाही नेले नाही. पूर्णिमाला जानेवारीत अठरा पूर्ण होतात, तेव्हा शिकाऊ परवाना काढायचा आणि मग रस्ता शिकवायचा असे ठरवले होते. लॉक कसे लावायचे हे मी त्यांना सांगितले होते, दाखवलेही होते. त्यांच्या हातून कधी लावून घेतले नाही. त्याची गरज पडली नव्हती.

खंडेनवमीला आमच्यात अवजारांची आणि ट्रॅक्टरची पूजा होते. पूजा झाली की ट्रॅक्टर गावातल्या देवळापुढे नेऊन नारळ फोडून आणायचा. बैल होते तेव्हा बैल नेत. दरवर्षी ट्रॅक्टर दीर नेतात. यंदा त्यांची पहिली पाळी होती आणि कारखान्यातही पूजा होती, त्यामुळे ते दुपारी दोननंतर येणार होते. नऊच्या सुमारास मी ट्रॅक्टर शेडमधून काढून अंगणात उभा केला. मी सीटवर होते. ऋतुराजने झेंडूची माळ बांधली. पूर्णिमाने चाकांखाली लिंबे ठेवली. तेवढ्यात जाऊ संयोगिता हळदीकुंकवाचे ताट घेऊन बाहेर आली.

आमच्या ग्रामसभेने तीन वर्षांपूर्वी विधवांना बाजूला ठेवायच्या प्रथा बंद केल्याचा ठराव केला आहे. त्या ठरावाच्या कागदावर माझी सही आहे. त्यामुळे मला कोणी उतरायला सांगितले असे मी म्हणणार नाही. कोणी सांगितले नाही. ताट बाहेर आले आणि मी उतरले. जाऊ म्हणाली, "आक्का, बसा की वर. काय हुतंय?" मी म्हटले, "हात खराब हायत गं, धुऊन येते." हात खराब नव्हते. मी मागच्या मोरीत गेले आणि हात धुतले. पूजा होईपर्यंत तिथेच राहिले.

बाहेर काय बोलणे झाले ते मला मोरीत ऐकू येत होते. सासूबाई म्हणाल्या, "अमरला यायला दोन वाजतील. देवळात गर्दी व्हायच्या आत पोरास्नी न्हेऊ द्या. शिकल्यात न्हवं?" जाऊ म्हणाली, "आक्काला येऊ द्या की." सासूबाई म्हणाल्या, "ती कशाला येतीया आज?" त्या वाईट मनाने म्हणाल्या नाहीत. त्यांना वाटले मला त्रास नको. मग दोघा मुलांत वाद झाला. पूर्णिमा म्हणाली, "जाताना मी, येताना तू." ऋतुराज म्हणाला, "जा की. येताना उतार न्हाय, मला बरं हाय." मी मोरीतून ओरडून थांबा म्हणू शकले असते. मी म्हटले नाही. ट्रॅक्टर सुरू झाला, लिंबे फुटली, आणि तो पाणंदीला लागला. मी कान देऊन ऐकत होते. पहिला, दुसरा, तिसरा. गिअर नीट पडले. मला बरे वाटले.

लॉक मला तेव्हा आठवले नाही. टॉवेलला हात पुसत अंगणात आले तेव्हा आठवले. मी पाणंदीने पळाले. आमच्या घरापासून डांबरी रस्ता अंदाजे तीनशे मीटर आहे. रस्त्याला लागून डावीकडे वळले की ओढ्याच्या पुलापर्यंत उतार आहे. मी रस्त्यावर पोचले तेव्हा ट्रॅक्टर दिसला नाही. पुलाजवळ दोन माणसे धावताना दिसली. त्यात आमच्या शेजारच्या रानातले धोंडीराम होते.

अपघात मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. पूर्णिमाने मला नंतर सांगितले ते असे. उतारावर समोरून एक मोटारसायकल मधोमध आली. तिला वाट द्यायला पूर्णिमाने ट्रॅक्टर डावीकडे घेतला आणि ब्रेक दाबला. ट्रॅक्टर जागेवर फिरल्यासारखा डावीकडे गेला, रस्त्याची कड सोडली आणि डाव्या बाजूने ओढ्यात पालथा झाला. तिथे रस्ता ओढ्यापासून आठ-नऊ फूट उंच आहे. पूर्णिमा उजव्या बाजूला गवतात फेकली गेली. ऋतुराज डाव्या मडगार्डवर बसला होता. नारळाचे ताट त्याच्या मांडीवर होते, म्हणून धरायला एकच हात मोकळा होता. मोटारसायकलवाला थांबला नाही. त्याचा दोष आहे असे मी म्हणत नाही.

मी पोचले तेव्हा इंजिन चालू होते. ते मी बंद केले. ऋतुराजची मान आणि उजवा हात बाहेर होता. मी त्याच्याशी बोलले. तो बोलला नाही. धोंडीराम आणि इतर चौघांनी वासे लावून ट्रॅक्टर उचलला. त्याला टेम्पोतून सरकारी दवाखान्यात नेले. मी त्याचे डोके मांडीवर घेऊन बसले होते. ११.४० वाजता डॉक्टरांनी तो वारल्याचे सांगितले.

दीर कारखान्यातून थेट दवाखान्यात आले. अंगावर कामाचे कपडे होते, कपाळाला पूजेचा गुलाल होता. त्यांनी आधी मुलाला पाहिले. मग मला व्हरांड्यात पाण्याच्या टाकीपाशी बोलावले आणि विचारले, "वैनी, कोण चालवत हुतं?" मी म्हटले, "पूर्णी." त्यांनी टाकीला हात टेकला. मग म्हणाले, "ऋतू चालवत हुता. कुणीबी इचारलं तर ह्येच सांगायचं." मी म्हटले, "भावजी, असं कसं?" ते म्हणाले, "त्याला आता कोण काय करणार हाय, वैनी? पोरीचं सगळं व्हायचं हाय अजून. तिच्या नावावर ह्ये नको." मी म्हटले, "भावजी, ऐका माझं." ते म्हणाले, "दादा असता तर त्यानं माझ्या पोरासाठी ह्येच केलं असतं. आता काय बोलू नका." आणि त्यांनी खिशातला रुमाल काढून गुलाल पुसला.

त्यानंतर ठाण्याचे हवालदार आले. त्यांनी दिरांचा जबाब घेतला. दिरांनी सांगितले की ट्रॅक्टर माझा मुलगा चालवत होता. मला विचारले तेव्हा मी मान हलवली. पूर्णिमाच्या खांद्याला टाके घालत होते. तिथे तिला विचारले, तेव्हा ती काकांकडे बघून म्हणाली, "ऋतू." मान हलवणे म्हणजे जबाब नव्हे असे मला कोणी म्हणेल. तो जबाबच होता आणि तो खोटा होता.

दिरांनी माझ्या मुलीसाठी हे केले. त्यात त्यांचा काही फायदा नव्हता. त्यांच्यावर खोटा जबाब दिल्याचा गुन्हा घालायचा असेल तर आधी माझ्यावर घालावा, कारण खरे काय ते मला माहीत होते आणि दीर नुकतेच मुलाला बघून आलेले होते.

२ तारखेला, दसऱ्याला, सकाळी नऊ वाजता पंचनाम्यासाठी ट्रॅक्टरची मालक म्हणून मला जागेवर बोलावले. धोंडीरामांनी त्यांच्या ट्रॅक्टरला साखळी लावून आमचा ट्रॅक्टर ओढ्यातून वर काढला. तो ठाण्यात ओढत आणायचा होता. ओढताना सुकाणू धरायला कोणीतरी वर बसावे लागते. पोलिसांनी विचारले, कोण बसणार. कोणी पुढे होईना. मी बसले. सीट ओली होती. धोंडीराम मागे वळून म्हणाले, "वैनी, सोडू का?" मी थांबा म्हटले, खाली वाकले आणि ब्रेकचे लॉक लावले. मग सोडा म्हटले.

हे पंचांच्या समोर झाले, पोलिसांच्या समोर झाले. कोणाच्या लक्षात आले नाही. रस्त्याला लागायच्या आधी लॉक लावायची माझी नऊ वर्षांची सवय आहे. सवयीने लावले की लपवायला लावले, असे आपण मला विचारले. मला ते सांगता येत नाही. मी दोन्ही प्रकारे आठवून पाहिले आहे. लावले एवढे नक्की. त्यामुळे ६ तारखेला तपासणी अधिकारी आले तेव्हा त्यांना दोन्ही पायडले जोडलेली सापडली, ब्रेक चांगले आढळले, आणि त्यांनी अपघाताचे कारण वेग असे लिहिले. त्यांची चूक नाही. त्यांना जे दिसले ते मी तयार केलेले होते.

पूर्णिमा कॉलेजला गेलेली नाही. ती बारावीला आहे. पहिले आठ दिवस ती बोलली नाही. नवव्या दिवशी मी तिच्या टाक्यांची पट्टी बदलत असताना ती म्हणाली, "मी ब्रेक दाबला हुता गं आई. जोरात दाबला. लोक म्हणत्यात दाबला न्हाय." मी म्हटले, "दाबलास. माहीत हाय मला." ती म्हणाली, "मग थांबला का न्हाय?" मी विचारले, "कुठला दाबलास?" ती म्हणाली, "डावीकडं घ्यायचं हुतं. तू शिकवलास त्योच."

लॉकचे मी तिला त्याच वेळी सांगितले. तिला वाटत होते की तिचा पाय घसरला. तिचा पाय घसरलेला नाही. जसे शिकवले तसाच तो पडला.

१३ तारखेला तेराव्याचे जेवण झाले. बायका मागच्या सोप्यात बसल्या होत्या. मी वाढत होते. पाहुण्यातल्या एक बाई म्हणाल्या, "आताची पोरं, दम कुठं असतोय? दिली असंल फुल सोडून." दुसऱ्या म्हणाल्या, "बरं झालं, पोरीला तरी काय झालं न्हाय. हिला बी घेऊन गेला असता." संयोगिता त्यांच्या समोर बसली होती. ट्रॅक्टर अंगणातून निघाला तेव्हा ती तिथेच होती. सीटवर कोण होते ते तिने पाहिले होते. तेरा दिवसांत ती कोणाला काही बोललेली नाही. तिने माझ्या हातातले भांडे घेतले आणि त्या दोघींना आमटी वाढली.

काल १४ तारखेला दिरांनी फिर्यादीची प्रत घरी आणली. न वाचता फडताळावर ठेवली आणि ते झोपायला गेले, कारण त्यांना आज पुन्हा पहिली पाळी होती. दुपारचे चार वाजले असतील. संयोगिताने ती प्रत काढली आणि माझ्याकडे दिली. ती दहावी शिकली आहे, तिला माझ्यापेक्षा चांगले वाचता येते. ती म्हणाली, "आक्का, तुम्ही वाचा. मला ही सरकारी भाषा कळत न्हाय."

मी वाचायला लागले. तारीख, वेळ, जागा, साक्षीदारांची नावे वाचली. ट्रॅक्टरचा नंबर वाचला. ऋतुराजच्या अंगावरच्या कपड्यांचे वर्णन होते, तेही वाचले. मग खाली असे लिहिले होते की मयत ऋतुराज याने आपल्या ताब्यातील ट्रॅक्टर हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात चालवून अपघात केला व स्वतःच्या मरणास तो स्वतःच कारणीभूत झाला. ते मी मनात वाचले. त्याच्या पुढची ओळ मोठ्याने वाचली आणि सही कोणाची आहे ते सांगून कागद घडी केला.

संयोगिताने कागद माझ्या हातातून घेतला, उलगडला आणि त्या जागी बोट ठेवले. म्हणाली, "आक्का, एवढं ऱ्हायलं."

मग मी तेही वाचले.

ती म्हणाली, "दुसऱ्याच्या वर जात न्हवता त्यो." मग म्हणाली, "ह्ये असंच ऱ्हाणार व्हय? कायमचं?" मी म्हटले, "सरकारी कागद हाय. ऱ्हाणार." तिने कागद घडी केला. मी म्हटले, "मी उद्या जाऊन खरं सांगते." ती म्हणाली, "पूर्णीचं काय हुईल मग?" मी म्हटले, "मला म्हाईत न्हाय." ती म्हणाली, "मला इचारू नका आक्का. मी जा म्हणलं तरी वाईट, नको म्हणलं तरी वाईट. मला काय इचारू नका." आणि ती म्हशींना पाणी दाखवायला गेली.

पूर्णिमाला मी दिवे लागायच्या वेळी सांगितले. तिच्यावर बालन्यायालयात काम चालेल, कॉलेजात कळेल, गावात तोंडावर बोलतील, हे सगळे सांगितले. लपवले नाही. ती म्हणाली, "काका काय म्हणतील?" मी म्हटले, "त्यांनी तुझ्यासाठी केलं. ते आपल्याला आयुष्यभर लक्षात ठेवायचं. पण ऋतूच्या नावावर ठेवायचं न्हाय." ती म्हणाली, "मग मला बी ने."

तरी माझे म्हणणे असे लिहून घ्यावे. ट्रॅक्टर माझी मुलगी पूर्णिमा चालवत होती. तिच्याकडे परवाना नव्हता व वय कमी होते. तिला चालवायला मी शिकवले, आणि रस्त्यावर लागते ते सोडून बाकी सगळे शिकवले. लॉक मी काढले होते, उघडे आहे हे मला माहीत होते, आणि ते न लावता मी ट्रॅक्टरवरून उतरले. कोणी उतरवले नाही. नंतर पंचनाम्याच्या वेळी ते मी लावले. अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन दिले तर मालकाला आणि पालकाला शिक्षा असते हे मी वाचले आहे. मालक मी आहे. पालकही मीच आहे. ऋतुराज अमरसिंह खाडे हा गाडी चालवत नव्हता. तो माझ्या जागेवर बसला होता. त्याच्या मरणाला तो कारणीभूत आहे हे वाक्य काढून टाकावे. काढता येत नसेल तर त्याच्या खाली हे सगळे जोडावे, आणि जी प्रत घरी येईल तीत दोन्ही यावे.

आज सकाळी दीर कामाला गेल्यावर मी सासूबाईंना सांगून घरातून निघाले. त्यांनी कुठे म्हणून विचारले, मी ठाण्यात म्हटले. त्यांनी पुढे विचारले नाही. पूर्णिमा आणि मी साडेआठच्या एसटीने आलो. सव्वादहाला इथे पोचलो. साहेब बाहेर गेले होते, म्हणून तासभर बसलो. ती आता बाहेर बाकावर महिला पोलिसांजवळ बसली आहे. तिला आपण विचारालच. काय सांगायचे ते मी तिला शिकवलेले नाही.

जबाब अंमलदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. एका ठिकाणी तारीख चुकली होती ती दुरुस्त करून घेतली. मग मी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः वाचला. मी सांगितले तसेच लिहिले आहे.

सही: शालन आकाराम खाडे